घडीच्या खुर्चीला दिलेला शाप

लायडन, ४ ऑक्टोबर १९९३

प्रिय नेल,

स्वस्ति. हे पत्र मी स्वतःच्या वतीने लिहीत नाही. फिर्यादी आहे शेजारणीकडून माझी पत्नी योसीन हिच्या वाढदिवसासाठी उसनी आणलेली एक घडीची खुर्ची. वर्ण तपकिरी, लाकूड बीचचं, वय अदमासे आपल्याएवढंच. तिचं म्हणणं असं : काल रविवारी दुपारी, कॉफीचा दुसरा कप आणि केकचा पहिला व अखेरचा तुकडा यांच्या मधल्या शांततेत, तिने केवळ आपल्या जन्मजात घडणीला अनुसरून तुझं बोट बिजागरीत धरलं. त्यात द्वेष नव्हता. त्यावर तू उठून उभी राहिलीस आणि सर्व मंडळींसमक्ष तिला म्हणालीस, "कॅन्सर होवो या खुर्चीला!"

खुर्चीचा खुलासा असा की लाकडाला वाळवी लागते, बुरशी लागते, प्रसंगी कीड लागते. तू म्हणतेस तो रोग लागत नाही. सबब शिवी वस्तुस्थितीला धरून नाही आणि ती मागे घेण्यात यावी.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचू देत नाहीस.

आता खुर्चीला बसवतो आणि मी बोलतो. खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेले सगळेजण गप्प झाले, ते तू पाहिलंस. कोणाच्या तरी हातातला चीजचा तुकडा मोहरीच्या वाटीवर तसाच थांबला. माझ्या शेजारी योसीन बसली होती, डोक्याला निळा रुमाल बांधून. रुमालाखाली केस का नाहीत हे तुला मी सांगायला नको. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा तू व्हरांड्यात माझ्याबरोबर होतीस आणि प्रत्येक सलाइनच्या बुधवारी तूच तिला आपल्या व्हॅनमधून दवाखान्यात नेतेस. मला गाडी येत नाही. तुझ्याशिवाय आमचं अडतं. हे सगळं मान्य करूनच लिहितो आहे.

पुढच्या बुधवारी, तेराला, येशील तेव्हा तिची माफी माग. एका वाक्याचं काम आहे.

तुझा भाऊ,
एव्हर्ट


स्खीडाम, ७ ऑक्टोबर

एव्हर्ट,

तुझं पत्र बाजारात ठेल्यावरच फोडलं, एका हातात कात्री आणि समोर पडद्याचं कापड मोजून घेणारी बाई. ती म्हणाली, "काय हो, वाईट बातमी?" म्हटलं, "नाही हो, भाऊ."

बोट अजून काळंनिळं आहे. विचारलंस? खुर्चीची विचारपूस झाली, बिजागरीचा जन्म, कुळ, स्वभाव सगळं झालं. माझ्या बोटाबद्दल एक ओळ नाही. बरं आहे म्हणायचं.

तू लायडनला जाऊन संस्कृत शिकलास, तिथेच शिकवायला लागलास, ठीक आहे. पण वाढलास माझ्याच घरात. बाबा रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाला काय म्हणायचे? "क्षय लागो तुला." सायकलच्या साखळीला विषमज्वर, गोदीतल्या मुकादमाला पटकी, आणि रविवारी पाऊस आला की त्याला तिन्ही. आपल्याकडे माणूस असाच बोलतो रे! दुसरीकडे आयाबहिणींचा उद्धार करतात, आपण दवाखाना काढतो. आणि आजी कशाने गेली? क्षयानेच ना? आईची सख्खी आई. माळावरच्या त्या आरोग्यधामात, बर्फात उघड्यावर खाट टाकून. मग बाबा नळाला शिवी द्यायचे तेव्हा आई काय म्हणायची? काही नाही. उठायची, वाळत घातलेले कपडे बघून यायची, कॉफी ओतायची. तिला कळत होतं की नवरा नळाशी बोलतोय, तिच्या आईशी नाही. तुला एवढी पुस्तकं वाचून ते कळू नये?

आणि तुझ्या घराची गंमत सांगू? त्या रोगाचं नाव तिथे कोणी काढत नाही. "ते." "ती गोष्ट." "तब्येत." तुझे ते विद्यापीठातले मित्र तर योसीनशी असे बोलतात की जणू ती काचेची बरणी आहे आणि कोणीतरी नुकतीच कडेला सरकवून ठेवलीय. मी एकटी तिच्याशी पूर्वीसारखी बोलते. ती हसली, एव्हर्ट. पाहिलंस ना? सगळी खोली दगड झाली आणि ती हसली. ज्याचं दुखणं त्याला हसू येतं, आणि तुला रडू?

खरं सांग, तुला तिचं वाईट वाटलं की माझी लाज?

माफी कसली मागायची? बुधवारी नेहमीच्या वेळी खाली हॉर्न वाजवीन.

नेल


लायडन, १० ऑक्टोबर

नेल,

बोटाबद्दल वाईट वाटतं. ही ती ओळ.

आता तुझ्या वकिलीकडे वळू. आमच्या शास्त्रकारांनी अश्लील बोलण्याचे तीन वर्ग केले आहेत : लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल. जगातले बहुतेक लोक पहिल्या दोन वर्गांत सुखाने नांदतात. आपण डच मात्र तिसऱ्यात घर बांधून राहिलो. आजाऱ्याच्या खाटेला टांगलेला तक्ता वाचून दाखवायचा, याला आपण शिवी म्हणतो. हे वैशिष्ट्य मी परदेशी सहकाऱ्यांना अनेकदा मिटक्या मारत सांगितलं आहे आणि ते हसलेही आहेत. मीही हसलो आहे. जुन्या ऋषींना शाप द्यायचा तर वर्षानुवर्षांचं तप खर्ची घालावं लागे. आपल्याकडे फुकट मिळतो आणि दिवसाला हवे तेवढे. तुझ्या गाठी तप नाही म्हणून खुर्ची वाचली.

पण त्या खोलीत एकजण अशी होती जिला तो शाप आधीच लागलेला आहे.

तू म्हणतेस बाबा नळाशी बोलत. बोलत असतील. आजी तेव्हा मेलेली होती, नेल. योसीन मेलेली नाही. एवढा एकच फरक आहे आणि मला तो फार मोठा वाटतो. मेलेल्या रोगांच्या शिव्या बोथट झालेल्या असतात, लहान मुलाच्या हातात द्याव्यात अशा. हा रोग जिवंत आहे. माझ्या घरात राहतो, माझ्या पलंगावर झोपतो. तू त्याला खुर्चीवर भुंकायला सोडलंस.

ती हसली, हा तुझा हुकमी एक्का दिसतो. तिच्याशी लग्न मी केलं आहे. तिला काय वाटतं हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही, आणि तिला विचारावंही लागत नाही. तिला लागलं. मी तिच्या शेजारी होतो.

आणि लाजेबद्दल : होय. मला लाज वाटली. तुझ्या बोलण्याची पूर्वीही वाटे, पण त्यात मौज असे. या वेळी नव्हती.

तेव्हा साफ लिहितो. तू तिची माफी मागणार आणि तो शब्द पुन्हा तिच्यासमोर काढणार नाहीस. हे जमणार नसेल तर बुधवारी हॉर्न वाजवू नकोस. आम्ही टॅक्सी करू.

एव्हर्ट


स्खीडाम, १२ ऑक्टोबर

एव्हर्ट,

पोचलं.

करा टॅक्सी. मी तिला अधूनमधून एखाद्या सणाला नेत नव्हते, तुझ्या लक्षात असावं. परतीच्या वाटेवर ती ओकायची तेव्हा भांडं मी धरायचे, एका हातात स्टिअरिंग आणि एका हातात भांडं, आणि तेव्हा माझ्या तोंडून जे निघायचं ते ऐकायला तुझे शास्त्रकार नव्हते. तू घरी बसून सूप गरम करायचास. तेवढंच तुला जमतं. सूप आणि वर्ग पाडणं.

पटकी येवो तुझ्या तिन्ही वर्गांना. हा रोग मेलेला आहे, तेव्हा चालेल ना?

नेल


लायडन, २४ ऑक्टोबर

नेल,

कळवण्यासारखं विशेष नाही. तेराव्या तारखेला टॅक्सीने गेलो. चालक मितभाषी होता. गाडीत पाइनच्या कृत्रिम सुवासाचा एक पुठ्ठा टांगलेला होता. असा वास कोणत्याही पाइनने आजवर दिला नसावा, एवढी एक तक्रार सोडली तर प्रवास ठीक झाला. आम्ही वेळेवर पोचलो.

योसीनची चहाची बाटली तुझ्या व्हॅनमध्ये राहिली आहे, ती हिरवी. सवडीने पोस्टाने पाठव. घाई नाही.

एव्हर्ट


स्खीडाम, २७ ऑक्टोबर

एव्हर्ट,

बाटली पाठवणार नाही. हवी असेल तर तिने येऊन न्यावी, किंवा मला बोलवावं.

मी चारदा फोन केला. प्रत्येक वेळी तूच उचलतोस आणि म्हणतोस, "ती झोपलीय." सकाळी झोपलीय, दुपारी झोपलीय, संध्याकाळी बातम्यांच्या वेळी झोपलीय. योसीन! जी बातम्या बघताना टीव्हीशी भांडते! एव्हर्ट, तू दाराशी उभा राहून तिचा पहारा करतोयस की तिच्यावर?

आणि तुझं पत्र. तुझी पत्रं मला तू लायडनला गेलास तेव्हापासून येतात. तू रागावतोस तेव्हा लांब लिहितोस, खुशीत असतोस तेव्हा आणखी लांब. एवढं आखूड पत्र तू आयुष्यात एकदाच लिहिलंस, संस्कृतच्या पहिल्या परीक्षेत नापास झालास तेव्हा. "कळवण्यासारखं विशेष नाही." अगदी हेच शब्द.

काय झालं त्या टॅक्सीत?

सांगायचं नसेल तर नको सांगू. माझा राग गेलेला नाही, एवढं मात्र समजून अस. मी तुझ्यावर रागावलेय, तिच्यावर नाही, आणि शिक्षा तिला होतेय. हे मला इथे ठेल्यावर उभी असताना कळतं, कापड फाडताना कळतं. तुला घरात बसून कळत नाही?

नेल


लायडन, ५ नोव्हेंबर

प्रिय नेल,

हे पत्र मी लिहितेय, योसीन. एव्हर्ट वर्गावर गेलाय. त्याला संध्याकाळी सांगेन की तुला लिहिलं; लपवाछपवी आमच्या घरात आधीच पुरेशी झालीय.

तुम्हा दोघांची पत्रं मी वाचली. त्याची मला त्याने दाखवली नव्हती, पण तो आधी कच्चा खर्डा काढतो आणि टेबलावर तसाच टाकतो, हे तुला माहीत आहे. तुझी ड्रॉवरमध्ये होती. वाचून मला एवढा राग आला की मी उठून भांडी घासली, घासलेली होती ती सुद्धा.

तू लिहितेस, योसीन हसली. तो लिहितो, योसीनला लागलं. पाच आठवडे होत आले, तुम्ही भावंडं माझ्या तोंडावरची एक रेघ दोन टोकांनी ओढताय. मी याच घरात आहे. लिहिता येतं, बोलता येतं. शाळेत एवढ्या पोरांना भूगोल शिकवला. तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की तिलाच विचारावं?

तेव्हा न विचारता सांगते. मी हसले, कारण सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि केक खायला पुन्हा सुरुवात करायची परवानगी कोणीतरी द्यायला हवी होती. ती द्यायचं काम हल्ली माझ्याकडे असतं. जो माणूस घरी येतो त्याला आधी मी सांत्वन देते, मग तो मला फुलं देतो. आणि मला लागलं. होय, नेल. व्हॅनमध्ये तू तोच शब्द ट्रकवाल्यांना, सिग्नलला, हवेला वाहतेस आणि मला काही वाटत नाही. तिथे आपण दोघी असतो आणि तुझ्या हातात माझं भांडं असतं. त्या दिवशी मात्र वाढदिवस होता. दुपारभर मी विसरले होते. अगदी खरंच विसरले होते, केक कापत होते. तू आठवण करून दिलीस.

शाळेच्या व्हरांड्यात पोरं हा शब्द दिवसभर एकमेकांच्या अंगावर फेकतात. पंधरा वर्षं मी वहीतून मान वर केली नाही. गेल्या वसंतात निदान झालं आणि दुसऱ्या दिवशी एक पोरगी आपल्या दप्तराच्या चेनला तेच म्हणाली. मी जिन्यावर बसून घेतलं. तिने विचारलं, "बाई, चक्कर आली का?" म्हटलं, हो. तिला काय सांगणार? तिचं चुकलं नव्हतं. माझंही नव्हतं.

आणखी एक. तुझ्या आईचं तू लिहिलंस ते मला खपलं नाही. ती कपडे बघायला जायची नाही, नेल. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात आम्ही दोघी ब्रसेल्सची लिंबाएवढी कोबी सोलत बसलो होतो. आत तुझ्या बाबांनी नळाला नेहमीचा प्रसाद दिला आणि आई उठून मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग गेले. दोरीवर काही नव्हतं. ती नुसतीच उभी होती, दोरीला धरून. मला म्हणाली, "माझी आई त्याने गेली गं. मला लागतं असं याला सांगितलं तर हा आयुष्यभर नळाशी बोलायचा थांबेल, आणि मग त्याच्याकडे राहील काय?" हे तुम्हा दोघांना कधी सांगू नकोस, असंही म्हणाली. आज सांगितलं. ती असती तर रागावली असती, पण तिचं गप्प बसणं तू पुरावा म्हणून वापरलंस ते मला सहन झालं नाही.

आता टॅक्सी. तो तुला सांगणार नाही, म्हणून मीच.

कालव्यावरचा पूल उघडून वर गेला होता, होडी जायची होती. आम्ही रांगेत उभे. तेवढ्यात एक सायकलवाला आमच्या नाकासमोरून आडवा घुसला. चालकाने खिडकी खाली केली आणि ओरडला, "कॅन्सर होऊन मर!" झालं. त्याला सवय. मी आरशात होते, रुमाल बांधून. मला वाटतं त्याने मला पाहिलंच नव्हतं. मग पाहिलं. त्याचे कान लाल झाले. तो बहुधा काहीतरी बोलणार होता.

एव्हर्ट दार उघडून उतरला. गाडीला वळसा घालून चालकाच्या खिडकीशी गेला, आत डोकं घातलं आणि अगदी हळू, वर्गात श्लोक फोडून सांगावा तसा, एकेक पद सुटं करत, त्याला तोच रोग व्हावा असं म्हणाला. कुठल्या अवयवाला, तेही. किती वेळ चालावा, तेही. मग त्याच्या मुलांनाही व्हावा, असं म्हणाला.

तू खुर्चीला म्हणतेस, नेल. तुझे बाबा नळाला म्हणायचे. एव्हर्ट एका माणसाला म्हणाला, आणि त्याच्या मनात तेच होतं. मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर आहे, त्याचा हा आवाज मी ऐकला नव्हता. मला त्या चालकाची भीती वाटली नाही, नवऱ्याची वाटली.

चालक म्हणाला, "उतरा." एवढंच. पूल खाली आला, तो गेला आणि आम्ही काठावर उभे राहिलो. वारा असा की रुमाल हाताने धरावा लागला. दवाखान्यात पोचलो तेव्हा माझी वेळ गेली होती. नर्सने मध्येच कुठेतरी घुसवलं. परत येताना बस. परवाच्या बुधवारी जाता-येता दोन्ही वेळा बस, ओकायला मांडीवर पिशवी धरून. एक शाळकरी मुलगी उठून दुसऱ्या बाकावर गेली, मला तिचा राग आला नाही. एव्हर्ट सगळी वाट खिडकीबाहेर बघत होता. घरी आल्यावर सूप गरम केलं.

तो त्या दिवसापासून बोलत नाही. म्हणजे बोलतो. मीठ दे, पत्र आलं, पाऊस आहे. मी विचारलं, तुला काय होतंय? म्हणाला, "कळवण्यासारखं विशेष नाही."

अठराला, गुरुवारी, डॉक्टर सांगणार आहेत की औषध लागू पडलं की नाही. मला माझ्याबरोबर कोणीतरी हवंय जे तिथे खरोखर असेल. ये, असं मी म्हणत नाही. तुम्ही दोघांनी आपलं आपण ठरवा. मी दमलेय.

योसीन


स्खीडाम, ८ नोव्हेंबर

योसीन,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा त्याचा, तिसऱ्यांदा माझा. त्याच क्रमाने लिहिते, कारण मला सुबक लिहिता येत नाही.

तुझा : हसायचं नव्हतं तर हसलीस कशाला गं बाई? एक केकचा तुकडा फेकून मारायचास माझ्या तोंडावर. मला कळलं असतं. मला असंच कळतं.

त्याचा : मुलांना? त्या माणसाच्या मुलांना? आणि मला शास्त्र शिकवतो! मी लायडनला येऊन त्याला त्या पुलावरून खाली ढकललं असतं, पण त्याला पोहता येतं आणि वर येऊन तो पाण्याचे वर्ग पाडेल.

माझा : आईचं. मी ते वाचून दुकान बंद केलं, भर बाजाराच्या वेळी. शेजारचा अंडीवाला ओरडला, "काय नेल, संप का?" त्याला जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. बघ, सुधारणा. मी ते अंगण डोळ्यापुढे आणायला बघतेय. दोरीवर कपडे होते असंच मला दिसतं. चादरी, बाबांचे सदरे. मीच वाळत घातले असतील तिथे, आज इतक्या वर्षांनी, मला बरं वाटावं म्हणून.

माफ कर, योसीन. खुर्चीचं नाही, वाढदिवसाचं. तू विसरली होतीस ते मला माहीत नव्हतं. कळायला हवं होतं.

मी बोलायची बंद होणार नाही, तेवढं वचन मागू नकोस. माझ्या तोंडात ती यादी बाबांनी भरली आणि वरून बाजाराने. एखादा शब्द निसटेल. निसटला तर चिमटा काढ, जोरात, रक्त येईपर्यंत.

गुरुवारी व्हॅन रिकामी ठेवते. ताग्यांच्या मध्ये गादी टाकते, आडवं पडायचं असेल तर. पण तुझ्या नवऱ्याने बोलवल्याशिवाय येणार नाही. त्याने मला हॉर्न वाजवू नकोस म्हणून लिहिलं. वाजव म्हणूनही त्यानेच लिहावं. एवढा मान मला हवा. हे तुझ्यावर अन्याय करणारं आहे, कळतंय मला. तरी हवा.

नेल


लायडन, १४ नोव्हेंबर

नेल,

योसीनने तुला लिहिलं हे तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, पावाला लोणी लावता लावता. तुझं उत्तरही वाचायला दिलं. हे पत्र मी त्यानंतर रोज लिहितो आहे आणि रोज टाकून देतो आहे. कचऱ्याच्या टोपलीत सुरुवातींचा छोटासा संग्रह जमला आहे, त्यातल्या काही शैलीच्या दृष्टीने वाईट नाहीत.

पुलावरचं सगळं खरं आहे. तिने सौम्य करून लिहिलं. गाडीच्या आरशाला त्या माणसाने लहान मुलाच्या बुटांची जोडी टांगली होती, लोकरीची, पिवळी. मी ती आधी पाहिली आणि मग बोललो. तिथे, त्या खिडकीत वाकलेलं असताना, मला उन्हाळ्यापासून प्रथमच बरं वाटलं. हे तुला सांगतो आहे कारण तू यावर मान डोलावणार नाहीस.

तुझ्याशी मी अजूनही सहमत नाही. शब्द लागतात. आई अंगणात जात होती, यावरून तुझं नव्हे, माझं म्हणणं सिद्ध होतं, असं मी एका टाकून दिलेल्या पत्रात दीड पान लिहिलं. मग माझ्या ध्यानात आलं की आईबद्दल मलाही काही माहीत नव्हतं आणि मी तिलाही पुरावा करून तुझ्याशी खटला जिंकायला निघालो आहे. तुझ्यावर मी संतापलो ते खरं होतं. पण तुझ्यावर संतापणं सोपं होतं, नेल. तू समोर होतीस, उत्तर देत होतीस, चुकत होतीस. घरात जे आहे ते यातलं काहीच करत नाही. त्याला पत्र लिहिता येत नाही.

आता गुरुवार.

डॉक्टर आम्हाला आजवर जेव्हा जेव्हा काही सांगायला बसले, तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून मान हलवली आहे आणि बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला त्यातलं एकही वाक्य आठवलेलं नाही. एकही नाही. मी, ज्याला दोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य एकदा ऐकून पाठ होतं. त्यांचे ओठ हलताना दिसतात आणि आत काहीतरी मिटतं. योसीन एकटी ऐकते. नंतर मी तिला विचारत नाही, कारण मग तिला कळेल की मी तिथे नव्हतो. तिने तुला लिहिलंच, तिला ते कळलं आहे.

आणि तिने ऐकलं की मग तिच्याकडे बघायचं असतं. त्या क्षणी काहीतरी बोलायचं असतं. मला काय बोलायचं ते माहीत नाही. मी रोज शोधतो आहे आणि सापडत नाही. ते काय सांगतील याचीही भीती वाटते, अर्थातच वाटते. रात्री मी तिचा श्वास ऐकत पडलेला असतो. पण त्याहून जास्त भीती ही वाटते की ते वाईट सांगतील, ती माझ्याकडे वळेल, आणि मी तिच्याजवळ बसलेला असून तिथे नसेन.

गुरुवारी साडेनवाला ये. हॉर्न वाजव.

एव्हर्ट